कोट छापण्याआधी त्याचा पत्ता शोधा : डेस्कवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

मी वृत्तपत्राच्या संपादकीय डेस्कवर नवीन होतो त्या वर्षीची गोष्ट. २ ऑक्टोबरच्या अंकाचे पान लावत होतो आणि खालच्या कोपऱ्यात चार ओळींची जागा मोकळी राहिली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पान छपाईला सोडायला वीस मिनिटे उरली होती. सकाळीच फोनवर आलेले एक वाक्य आठवले. जगात जो बदल पाहायचा आहे तो आधी स्वतः व्हा, असे काहीसे, आणि खाली महात्मा गांधींचे नाव. चौकट केली, अवतरणचिन्हे घातली, पान गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते. नातीला शाळेत भाषण करायचे होते, म्हणून त्यांनी एवढेच विचारले, "हे गांधीजींच्या कुठल्या खंडात आहे, तेवढं सांगाल का?" मी दोन दिवस शोधत राहिलो. सापडले नाही, कारण ते वाक्य त्यांच्या लेखनात नाहीच. त्याच्या जवळ जाणारा एक मजकूर मात्र आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना 'इंडियन ओपिनियन'मध्ये गांधीजी आरोग्यावर गुजरातीत लेखमाला लिहीत होते. १९१३ च्या एका लेखात, चक्क सर्पदंशाची चर्चा करताना, ते म्हणतात की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातले प्रवाहही बदलतील. आशय जवळचा आहे, पण वाक्य वेगळे, संदर्भ वेगळा. आज फिरते ते भिंतीवर लावायला सोयीचे व्हावे म्हणून कोणीतरी घासूनपुसून केलेले वाक्य आहे.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो आणि शेजारी नवीन कोणी बसले की त्यालाही तोच सांगतो. ज्या कोटला पत्ता नाही, त्याला अवतरणचिन्ह नाही. पत्ता म्हणजे काय आणि तो कसा शोधायचा, हे खाली सांगतो आहे. तुम्ही दैनिकात असा, पोर्टलवर असा किंवा गावातून बातम्या पाठवत असा, काम हेच करायचे आहे.

पायरी पहिली : पाच गोष्टी कागदावर लिहा

कोण बोलले, कुठे बोलले, कधी बोलले, कोणासमोर बोलले, कोणत्या भाषेत बोलले. संगणकावर हात टाकण्याआधी हे पाच रकाने पेनाने लिहा. जे ठाऊक असेल ते भरा, उरलेले रिकामे ठेवा. पुष्कळदा बनावट कोट इथेच उघडा पडतो, कारण भरलेले दोन रकाने एकमेकांशी भांडू लागतात.

ब्रिटिश अधिकारी मेकॉलेच्या नावावरचा तो प्रसिद्ध उतारा घ्या. मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असा त्याचा सूर. खाली लिहिलेले असते : ब्रिटिश संसदेतील भाषण, २ फेब्रुवारी १८३५. हा उतारा भाषणांत, अग्रलेखांत, पुस्तकांच्या प्रस्तावनांत वर्षानुवर्षे छापला जातो आहे.

आता रकाने भरून बघा. कधी? २ फेब्रुवारी १८३५. कुठे? लंडनच्या संसदेत. पण मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला होता आणि त्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या मंडळात बसत होता. समुद्रमार्गे लंडन काही महिन्यांच्या अंतरावर. शिवाय त्या दिवशी ब्रिटिश संसदच भरलेली नव्हती. आधीची बरखास्त झाली होती आणि नवी १९ फेब्रुवारीला जमली. तारीख मात्र हवेतून आलेली नाही. शिक्षणाविषयीचे त्याचे खरे टिपण २ फेब्रुवारी १८३५ चेच आहे. बनावट कोट असाच टिकतो, खऱ्या तारखेच्या खुंटीला बांधलेला.

मला याचे जास्त वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. मेकॉलेच्या विरोधात लिहायचे असेल तर त्याचे खरे टिपण पुरेसे आहे. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली पुस्तकांची एक फळी भारत आणि अरबस्तानातल्या साऱ्या साहित्याच्या तोडीची आहे, असे त्याने लिहिले आहे. रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीने, मतांनी, नीतीने आणि बुद्धीने इंग्रज असा एक वर्ग तयार करायचा, हेही त्यातच आहे. खरा पुरावा कपाटात असताना आपण खोटा हातात धरतो. मग तो खोटा आहे हे समोरच्याने दाखवून दिले की आपला सगळा युक्तिवाद पडतो.

पायरी दुसरी : वाक्यातला 'मी' कोणाचा आहे ते बघा

बनावट कोट प्रत्येक वेळी लबाडीनेच तयार होतो असे नाही. पुष्कळदा कोणीतरी एखाद्याचे वर्णन करतो, पुढचा माणूस त्यातला 'तो' काढून 'मी' घालतो, आणि वर्णन कबुलीजबाब होऊन बसते.

जवाहरलाल नेहरूंच्या नावावर एक वाक्य निवडणुकीच्या काळात हमखास येते : मी शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि केवळ जन्माच्या अपघाताने हिंदू आहे. काही जण त्यांच्या आत्मचरित्राचा हवालाही देतात. आत्मचरित्रात ते नाही. नेहरूंचे हे वर्णन केले ते ना. भा. खरे यांनी. ना. भा. खरे म्हणजे नागपूरचे डॉक्टर, १९३७-३८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधान म्हणत), पुढे काँग्रेसमधून बाहेर पडून हिंदू महासभेचे अध्यक्ष झालेले. म्हणजे कडव्या राजकीय विरोधकाने केलेली टीका आज नेहरूंचे स्वतःचे उद्गार म्हणून छापली जाते. डॉ. खरे यांची टीका म्हणून हे वाक्य छापायला काहीच हरकत नाही. ते आपल्या राजकीय इतिहासाचा भाग आहे. पण बोलणारा बदलला की बातमी खोटी झाली.

विरोधक करतो तेच चाहतेही करतात. तुमचे म्हणणे मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन, हे वाक्य फ्रेंच विचारवंत व्होल्तेरचे म्हणून अग्रलेखांत येते. ते लिहिले एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने, व्होल्तेरवरच्या १९०६ च्या पुस्तकात, त्याची वृत्ती सांगण्यासाठी. व्होल्तेर त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षे वारलेला होता.

म्हणून प्रथमपुरुषी, टोकदार, एका दमात संपणारे वाक्य समोर आले की विचारा : हे याने स्वतःबद्दल म्हटले की दुसऱ्याने याच्याबद्दल? स्वतःची इतकी नेमकी बदनामी किंवा इतकी नेमकी आरती माणसे सहसा स्वतः करत नाहीत.

पायरी तिसरी : मूळ कागदापर्यंत जा

शोधयंत्रात वाक्य टाकले आणि पन्नास ठिकाणी सापडले, याचा अर्थ पन्नास जणांनी तपासले असा होत नाही. एकाने टाकले, एकोणपन्नासांनी उचलले, एवढाच होतो. हे किती सहज घडते त्याचे एक उदाहरण मी प्रत्येक नवीन उपसंपादकाला सांगतो. मार्च २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस जार वारले. डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडिया पानावर स्वतः रचलेले एक सुंदर वाक्य त्यांच्या तोंडी घातले. मृत्युलेख लिहायला बसलेल्या वृत्तपत्रांनी ते उचलले. त्यात ब्रिटनचे 'गार्डियन' होते, भारतातली आणि ऑस्ट्रेलियातली प्रकाशनेही होती. विशेष म्हणजे विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी संदर्भ नाही म्हणून ते वाक्य काढून टाकले होते. वृत्तपत्रांत मात्र ते तसेच राहिले. जवळजवळ महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही, तेव्हा त्या मुलानेच वृत्तपत्रांना कळवले. 'गार्डियन'ने दुरुस्ती छापली.

म्हणजे विकिपीडिया वाचायचा तो तळटिपांसाठी. तळटीप नसेल तर ते वाक्य आपल्यासाठी अस्तित्वातच नाही.

आता मूळ कागद कुठे मिळतात ते सांगतो. गांधीजींच्या संकलित वाङ्मयाचे इंग्रजीतले १०० खंड 'गांधी हेरिटेज पोर्टल'वर मोफत वाचता येतात. डॉ. आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रकाशित केली आहेत. मराठी भाषणे अठराव्या खंडात, तीन भागांत आहेत. हे खंड तुमच्या कार्यालयातल्या कपाटात नसतील तर संपादकांच्या मागे लागून आणवून घ्या. मराठी वृत्तपत्राच्या डेस्कला शब्दकोशाइतकीच त्यांची गरज आहे. संविधान सभेच्या आणि संसदेच्या चर्चांचे अधिकृत इतिवृत्त संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. ब्रिटिश संसदेचे 'हॅन्सर्ड' हे इतिवृत्त १८०३ पासूनचे उपलब्ध आहे. मेकॉलेचा उतारा तिथे शोधायला पाच मिनिटे पुरतात. जुन्या वेबपानांसाठी 'वेबॅक मशीन' आहे. इंग्रजी सुविचारांची चिकित्सा 'कोट इन्व्हेस्टिगेटर' हे संकेतस्थळ करते. गांधीजींच्या नावावरचे दुसरे लाडके वाक्य, आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात आणि मग तुम्ही जिंकता, याच्याशी मिळतेजुळते बोल १९१८ मध्ये अमेरिकेतल्या तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या अधिवेशनात निकोलस क्लाइन या कामगार नेत्याने काढले होते, हे अशाच शोधातून पुढे आले.

शोधताना तीन सवयी लावून घ्या. वाक्यातले चारपाच वेगळे शब्द सलग अवतरणात टाकून शोधा, अख्खे वाक्य नको, कारण प्रत्येक जण एखादा शब्द बदलतो. तारखेची मर्यादा घालून मागे मागे जा. माणूस १९४८ मध्ये गेला आणि वाक्य पहिल्यांदा १९८० नंतर दिसते, तर दोर तुटलेला आहे. आणि मूळ भाषेत शोधा. गुजरातीत लिहिलेले मराठीत शोधून काय हाती लागणार?

खऱ्या कोटचा पत्ता कसा दिसतो हेही पाहून ठेवा. "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" टिळक, 'केसरी', ६ जुलै १८९७. नाव, पत्र, तारीख. कोणीही जाऊन अंक काढून पाहू शकतो. याच्या उलट, वाघिणीच्या दुधाचे ते वाक्य कधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर इंग्रजीबद्दल येते, कधी बाबासाहेबांच्या नावावर शिक्षणाबद्दल. एकच वाक्य दोन थोरांच्या नावावर दिसले की दोन्हीकडचा पत्ता मागायचा. तो मिळेपर्यंत चौकटीत घ्यायचे नाही, मग जयंती उद्यावर आली असली तरी.

पु. ल. आणि व. पु. यांच्या नावाने फिरणाऱ्या मजकुराबद्दल वेगळे सांगायला नको. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. त्यांच्या नावावरच्या ललितात व्हॉट्सअॅप आले की पुढचे वाचायची गरज उरत नाही. पण असे ढळढळीत पुरावे कमीच. बहुतेक वेळा भाषा सपक असते, एवढाच धागा हाती असतो. ज्याने त्यांचे मूळ लिखाण वाचले आहे त्यालाच तो दिसतो.

पायरी चौथी : खरे वाक्य पुढेमागे वाचा

हे सगळ्यांत अवघड काम आहे, कारण इथे शब्द खरे असतात. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत डॉ. आंबेडकर म्हणाले होते की मी संविधान घडवले असे मित्र सांगतात, पण ते जाळणारा पहिला माणूस मी असेन. इतिवृत्तात हे आहे. त्याचा वापर आज दोन्ही बाजूंनी होतो, आणि बहुतेक ठिकाणी तेवढाच तुकडा कापून. ती चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकावर होती आणि मुद्दा अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा होता. पुढे १९ मार्च १९५५ रोजी राज्यसभेतच त्यांना या विधानाबद्दल छेडले गेले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर फार कमी वेळा छापले जाते. त्याचा आशय असा : आम्ही देवासाठी मंदिर बांधले, पण देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच राक्षसाने ते बळकावले, मग ते मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय करणार?

हे वाचल्यावर विधान सौम्य होते असे मी म्हणत नाही. ते तीव्रच आहे. पण त्यांचा राग कशावर होता हे वाचकाला कळते. कापलेल्या तुकड्यातून ते कळत नाही. म्हणून नियम असा : कोटच्या आधीचे एक पान आणि नंतरचे एक पान वाचल्याशिवाय तो घ्यायचा नाही. भाषणाची चित्रफीत असेल तर आधीची दोन मिनिटे आणि नंतरची दोन मिनिटे. आणि पुढे त्याच विषयावर तो माणूस काही बोलला आहे का, हेही पाहायचे.

पायरी पाचवी : आजचे, आत्ताचे विधान

जुन्या कोटसाठी ग्रंथालय आहे. आज सकाळी फिरू लागलेल्या विधानासाठी तुमच्याकडे फक्त फोन आणि डोके आहे.

आधी डोके. मे २०१७ मध्ये अरुंधती रॉय यांच्या नावावर एक विधान आले, पाकिस्तानी माध्यमांना त्यांनी सांगितले म्हणे, की ७० लाखांचे भारतीय सैन्य काश्मीरमधल्या आझादी मागणाऱ्यांना हरवू शकत नाही. त्यावर दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या, त्यांना धमकावणारी वक्तव्ये झाली. नंतर उलगडले की त्या अलीकडे श्रीनगरला गेल्याच नव्हत्या आणि असे काही बोलल्याही नव्हत्या. मूळ पाकिस्तानातल्या एका संकेतस्थळावर होते, तिथून इकडच्या बनावट बातम्यांच्या पानांनी उचलले. त्यांची मते पटोत न पटोत, त्या विधानातला आकडाच ओरडून सांगत होता. भारतीय लष्कराचे खडे सैन्य बारा-तेरा लाखांच्या आसपास. ७० लाख म्हणणाऱ्याने एकदा तरी तपासले असते तर? चर्चा लावणाऱ्या कोणीही ही बेरीज केली नाही.

मग स्क्रीनशॉट. ट्विटरवरच्या जुन्या पोस्टचा म्हणून स्क्रीनशॉट आला तर अक्षरे मोजा. नोव्हेंबर २०१७ पर्यंत तिथे १४० अक्षरांची मर्यादा होती. २०१४ ची तारीख आणि दोनशे अक्षरांचा मजकूर असेल तर विषय संपला. खात्याचे नाव अक्षर अक्षर ताडून बघा, कारण विडंबनाची खाती छायाचित्र तेच लावतात. वृत्तवाहिनीच्या किंवा दैनिकाच्या बोधचिन्हाचे कार्ड आले तर ते त्या वाहिनीच्या अधिकृत खात्यावर आहे का पाहा. मराठीत ही नक्कल ओळखण्याची एक खूण आहे : फॉन्ट. खऱ्या कार्डावरचा फॉन्ट ठरलेला असतो. बनवणाऱ्याकडे तो नसतो, मग जोडाक्षरे वेगळी दिसतात, रफार सरकतो, ऱ्हस्वदीर्घ चुकते. तरीही खात्री फॉन्टवर सोडू नका. त्या वाहिनीच्या डेस्कवरच्या ओळखीच्या माणसाला फोन करा. आपण एकमेकांचे स्पर्धक असलो तरी या कामात सगळे मदत करतात, असा माझा अनुभव आहे.

ज्याच्या नावावर विधान आहे त्याला विचारणे हे तर सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत जास्त टाळले जाणारे काम. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत रतन टाटांच्या नावावर अर्थव्यवस्थेबद्दलचा एक प्रेरणादायी उतारा घरोघरी पोचला होता. शेवटी टाटांनीच जाहीर केले की हे मी म्हटलेले नाही, लिहिलेलेही नाही, मला काही सांगायचे असेल तर मी माझ्या अधिकृत माध्यमांतून सांगेन. उतारा गोड होता म्हणून कोणाला शंका आली नाही. स्तुती करणारा, धीर देणारा बनावट कोट शिवीपेक्षा जास्त टिकतो.

फोन करताना उत्तर नेमके घ्या. "हे तुमचे विधान आहे का?" एवढे विचारून थांबू नका. वाक्य वाचून दाखवा, कधी आणि कुठे बोललात ते विचारा, वेळ लिहून ठेवा. पण नकार मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असेही समजू नका. "माझ्या विधानाचा विपर्यास केला" हे वाक्य आपल्याकडे चित्रफीत समोर असतानाही म्हटले जाते. म्हणून आपल्या बातमीदाराचे ध्वनिमुद्रण हवे, आणि त्या सभेत हजर असलेल्या दुसऱ्या पत्रकाराचेही.

ध्वनिफितींबद्दल मी आता फार सावध झालो आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी राज्यात विधानसभेचे मतदान होते. आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही फिती पुढे आल्या. आवाज आपला नाही असे दोघांनीही सांगितले. मुंबईच्या 'बूम' या तथ्यतपासणी संस्थेने तपासून त्यातल्या काही फिती कृत्रिम आवाजाच्या असल्याचे मांडले. डेस्कवर अशा रात्री काय करायचे? फीत कोणी दिली, मूळ नोंद कोणाकडे आहे, ती पूर्ण आहे की तुकडा, हे विचारायचे. उत्तर नसेल तर फितीतले शब्द त्या व्यक्तीच्या तोंडी घालून मथळा करायचा नाही. फीत पुढे आली, संबंधितांनी नाकारली, तपास बाकी आहे, एवढीच बातमी असते. मतदानाच्या आदल्या दिवशी आलेल्या गोष्टीला दुप्पट वेळ द्यायचा, निम्मा नाही.

पायरी सहावी : भाषांतर

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण मराठी डेस्कवर सर्वाधिक बनावट अवतरणे इथे जन्मतात. तीही अत्यंत प्रामाणिक माणसांच्या हातून.

समजा, साताऱ्यातला एक आमदार मराठीत बोलला. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या बातमीदाराने त्याचे इंग्रजी केले. रात्री ती इंग्रजी बातमी तुमच्या पडद्यावर आली आणि तुम्ही तिचे पुन्हा मराठी करून अवतरणचिन्हात घातले. आता छापलेले मराठी वाक्य त्या माणसाच्या तोंडून कधीच निघालेले नाही, आणि तेही त्याच्या स्वतःच्या भाषेत! तो "बघू, विचार करू" म्हणाला असेल, आपण "आम्ही सर्व पर्याय खुले ठेवले आहेत" असे छापतो. वाचकही त्याच गावचा. त्याला लगेच कळते की हा माणूस असे बोलत नाही.

उपाय सोपा आहे. मराठीत बोललेल्याचे मूळ मराठी शोधा : चित्रफीत, स्थानिक वार्ताहर, पक्षाचे थेट प्रक्षेपण. मिळाले नाही तर अवतरणचिन्हे काढा आणि आशय अप्रत्यक्ष सांगा. हिंदीत किंवा इंग्रजीत बोललेल्याचे भाषांतर अवतरणात देता येते, पण मूळ भाषा कोणती होती ते बातमीत एकदा लिहा.

घोषणांचेही असेच होते. १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत दिलेल्या शब्दांचा क्रम होता शिका, चेतवा, संघटित व्हा. मराठीत रूढ झाले ते शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. रूढ घोषणा म्हणून ती लिहायला हरकत नाही, चळवळीने ती आपली केली आहे. पण नागपूरच्या भाषणातले वाक्य म्हणून अवतरणात देणार असाल तर भाषणातला क्रम द्या.

'की' या छोट्या शब्दाकडेही लक्ष असू द्या. "मंत्री म्हणाले की मी राजीनामा देणार नाही" हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे. त्यातला 'मी' मंत्र्यांचा. त्यामुळे अवतरणचिन्हे नसली तरी वाचक ते शब्दशः मंत्र्यांचेच समजतो. शब्द नक्की ठाऊक नसतील तर "मंत्र्यांनी राजीनामा देण्यास नकार दिला" असे लिहा. मथळ्यांत तर हा घोटाळा रोजचा. 'कर्जमाफी नाहीच : कृषिमंत्री' असा मथळा लागतो आणि आत बघावे तर मंत्री म्हणालेले असतात, सध्या असा प्रस्ताव माझ्यापुढे आलेला नाही. विसर्गासारख्या त्या दोन टिंबांनंतर नाव आले की मथळा हाच कोट होतो. तो बातमीतल्या वाक्याशी ताडून बघितल्याशिवाय पान सोडू नका.

बोली किती सुधारायची, हाही प्रश्न येतो. अडखळणे, "म्हणजे", "काय आहे की" हे गाळायला हरकत नाही. शब्द बदलायचे नाहीत. अमेरिकेत यावर मोठा खटला झाला. मानसविश्लेषक जेफ्री मॅसन यांनी पत्रकार जॅनेट माल्कम यांच्यावर दावा लावला की 'न्यूयॉर्कर'मधल्या त्यांच्या लेखात आपल्या तोंडी न बोललेले शब्द घातले. मुलाखतींचे चाळीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण होते, पण वादातली काही वाक्ये त्यात नव्हती. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की व्याकरण सुधारणे वेगळे, पण बदलामुळे अर्थ लक्षणीय बदलत असेल तर अवतरणचिन्हाची ढाल चालणार नाही. पुढे १९९४ मध्ये ज्यूरीने माल्कम यांच्या बाजूने निकाल दिला. वादात मात्र दहा वर्षे गेली.

पायरी सातवी : यंत्राने लिहिलेले

आता डेस्कवर सारांशासाठी आणि भाषांतरासाठी एआयची साधने आली आहेत. ती अवतरणे बनवतात, आणि ती फार सफाईदार असतात. लांब भाषणाचा सारांश मागा, त्यात अवतरणचिन्हात असे वाक्य येऊ शकते जे भाषणात नाही. सारांशातले प्रत्येक अवतरण मूळ मजकुरात शोधून पाहा. सापडले नाही तर काढा, दुरुस्त करत बसू नका. एप्रिल २०२३ मध्ये जर्मनीतल्या 'डी आक्टुएले' या साप्ताहिकाने मोटारशर्यतपटू मायकेल शूमाखर यांची अपघातानंतरची पहिली मुलाखत म्हणून मुखपृष्ठावर जाहिरात केली. आतली उत्तरे यंत्राने तयार केलेली होती. प्रकाशकाने माफी मागितली, संपादिकेला पद सोडावे लागले, कुटुंबाला भरपाई द्यावी लागली. नऊ वर्षांहून अधिक काळ लोकांसमोर न आलेल्या माणसाच्या घरच्यांना त्या मुखपृष्ठाने काय वाटले असेल, हे मला अजून सतावते.

पायरी आठवी : नाही सापडले तर, आणि छापून गेले तर

नाही सापडले तर वाक्य गाळा. 'असे म्हटले जाते', 'त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले' अशी पळवाट शोधू नका. वाचक ती ओळ विसरतो, नाव आणि वाक्य तेवढे लक्षात ठेवतो. बदनामीच्या दाव्यातही आपण फक्त दुसऱ्याचे सांगितले, ही सबब फारशी कामाला येत नाही. कोट बनावट आहे हीच बातमी असेल तर मथळ्यात आधी तो बनावट असल्याचे लिहा, मग कोट.

छापून गेलेच, तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. लपवलेली चूक दुसरा कोणीतरी शोधतोच. दुरुस्तीत तीन गोष्टी हव्यात : कोणत्या अंकात काय छापले, ते का चुकीचे आहे, योग्य काय आहे. 'अनवधानाने' एवढे म्हणून सुटका करून घेऊ नका. प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत दुरुस्ती तातडीने आणि ठळकपणे देण्याची अपेक्षा आहे. पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती नवव्या पानाच्या तळाशी टाकणे त्यात बसत नाही. संकेतस्थळावर मजकूर गुपचूप बदलू नका. काय बदलले आणि कधी, हे खाली लिहा. समाजमाध्यमावरची पोस्ट काढाल तेव्हा ती का काढली याची दुसरी पोस्ट टाका, कारण पहिलीचे स्क्रीनशॉट आधीच फिरत असतात. ज्याच्या तोंडी शब्द घातले त्याला स्वतः फोन करा.

आणि डेस्कवर एक वही ठेवा. माझ्याकडची आता तिसरी आहे. डाव्या पानावर कोट, उजव्या पानावर पत्ता, खाली तपासणाऱ्याची सही आणि तारीख. २ ऑक्टोबर, १४ एप्रिल, १ ऑगस्ट, ३ जानेवारी या तारखांच्या आधी आठवडाभर वही उघडायची आणि चौकटींसाठी लागतील ती वाक्ये दिवसाउजेडी तपासून ठेवायची, म्हणजे रात्री साडेअकराला जागा उरली तर फोनकडे हात जात नाही. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर डावीकडे १९१३ चा तो 'इंडियन ओपिनियन'मधला मजकूर आहे, उजवीकडे लेखमालेचे नाव आणि मूळ गुजराती असल्याची नोंद. ती लिहून झाल्यावर मी त्या शिक्षकांना फोन केला होता. त्यांनी कागद-पेन घेतले, सावकाश उतरवून घेतले, आणि एक शब्द पुन्हा विचारून खात्री करून घेतली.